दम

त्सिउरी श्वास मोजते. पगार त्याचाच मिळतो तिला.
तिबिलिसीच्या सरकारी इस्पितळात
भूल देणाऱ्या डॉक्टरच्या शेजारच्या स्टुलावर
एकवीस वर्षं
गुंगीतल्या माणसांच्या छात्या वर येतात, खाली जातात,
ती लिहून ठेवते.
आकडे सुबक. शाई निळी.
स्वतःचा श्वास तिनं कधी मोजला नव्हता.
तो आपला येत-जात असायचा,
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूसारखा.

मग त्या हिवाळ्यात लिफ्टनं नाणं गिळलं
आणि जागची हलली नाही.
सातव्या मजल्यावर, बटाट्यांची पिशवी छातीशी धरून
तिला इतका दम लागला
की दार उघडणारा मुलगा आधी खुर्ची आणायला धावला.
तो हसला असता तर चाललं असतं.

बूट त्याचेच घेतले. अर्धा नंबर मोठे.
पुढं कापूस कोंबला, इस्पितळातला.

पहाटे साडेपाच. वाके बागेमागचा चढ,
कासवांच्या तळ्याकडं जाणारा.
पहिल्या दिवशी एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत.
बस्स.
दुसऱ्या खांबाला मिठी मारून ती उभी राहिली,
स्टेशनवर कुणाला तरी निरोप देत असल्यासारखी.

तिथं एक कुत्रा होता, कानात पिवळा बिल्ला,
लस टोचलेला, सगळ्या गल्लीचा आणि कुणाचाच नाही.
पुढं जाऊन थांबायचा, मागं वळून बघायचा,
हजेरी घेणाऱ्या मेट्रनच्या नजरेनं.

सहा खांब झाले तेव्हा गुडघा सुजला.
तीन आठवडे ती गेली नाही.
नणंद म्हणाली, बरं झालं, या वयात शोभत नव्हतं.
चौथ्या आठवड्यात पुन्हा पहिला खांब.
याला ती शहाणपण म्हणत नाही.
कुत्रा वाट बघत असेल, एवढंच म्हणते.

चढावर भांडता येत नाही, हे तिला तिथं कळलं.
चढाला लहान पावलं कळतात, आणि गप्प बसणं,
आणि वळणाच्या जरा आधी
श्वास एक विचित्र उचकी देतो ती जागा,
जिथं शरीराला कळून चुकतं आणि माणसाला अजून कळायचं असतं.
ती जागा तिला आता आतून पाठ झाली.

म्हणून ऑक्टोबरात, एका साध्या हर्नियाच्या वेळी,
पडद्यावरचे आकडे गोड हसत असताना
तिला ती उचकी ऐकू आली.
दुसऱ्याच्या छातीत.
भूलवाला डॉक्टर कपाटाकडं वळलेला.
"थांबा," ती म्हणाली.

सर्जन ओतिया कुणासाठी थांबत नाही.
मास्कवरून त्यानं तिला असा दम दिला
की ट्रेमधल्या कात्र्या जागच्या जागी ताठ झाल्या.
पूर्वीची त्सिउरी लगेच म्हणाली असती,
माफ करा, मला वाटलं.
या त्सिउरीनं दम धरला.
एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जेवढा धरायचा तेवढाच.
"श्वास अडकतोय. थांबा."

वीस सेकंदांनी पडद्यालाही पटलं.
हनुवटी उचलली गेली, वाट मोकळी झाली,
पेशंटला आजही यातलं काही माहीत नाही.

संध्याकाळी ओतियानं टेबलावरून
चुर्चखेला सरकवली, द्राक्षाच्या रसात बुडवलेली अक्रोडांची माळ,
अर्धी खाल्लेली.
बोलला काहीच नाही.
तिनं उरलेली तिथंच उभ्यानं संपवली.

आता नव्या नर्सेसना शिकवायला तिला बोलावतात.
ती फळ्यावर काही लिहीत नाही.
आधी एक मिनिट स्वतःचे मोजा, म्हणते.
मुली खिदळतात. चाळीसपर्यंत पोचलेली एक जण
घाबरून तिच्याकडं बघते.
त्सिउरी तिला जोडे बघायला सांगते.

आणि हो, तळं.
नोव्हेंबरच्या एका रविवारी पोचली ती वरपर्यंत,
न थांबता, मोज्यांत कापसाचा लगदा घेऊन.
कुत्रा पाणी प्यायला. धुकं होतं.
कासव एकही दिसलं नाही.
पुढं निघून गेली असतील,
ती म्हणाली,
आणि वाकून लेस बांधू लागली.