धुमा

रुवीत, हायस्ट्रीटवर, घड्याळवाल्याला लागून
शमीरचं दुकान. काउंटरवर आठ डबे,
एकेक मुठीत मावेल एवढा.
"हा घे, दहा वॉट," म्हणतो, आणि लावतो
कंपनीनंच भरून दिलेलं गाणं,
नुसतं धडाड-धडाड.
त्या गाण्यावर कुठलाही डबा खपेल.
कलिंगडवाला पण कापून ठेवलेलीच फोड दाखवतो.

मी एसीचा माणूस. बारा वर्षं
उन्हात, गच्च्यांवर, कॉम्प्रेसरला कान लावून
सांगत आलो, बेअरिंग गेलंय की नुसता पत्रा सैल.
मला आवाज विकतोस, शमीर?
म्हटलं, ते बंद कर.
आवाज पूर्ण वाढव, आणि काहीच लावू नकोस.

तो हसला. पण लावलं, काहीच नाही.
पहिल्या डब्यात तेल तापल्याची चरचर.
दुसऱ्यात एक डास.
तिसरा गप्प.
गप्प बसता येणं, ही अर्धी परीक्षा.

मग माझा मोबाइल जोडला.
शिमग्यातलं नमन, आमच्या वाडीचं, सोळा मिनिटं,
रात्री अडीचचं, मृदंगावर अनाजी,
मागं जनरेटर.
झांजा आल्या, सुया टोचाव्यात तशा.
गौळण आली, म्हणजे पातळ गळ्याचा गडी, स्वच्छ.
मध्येच कोणी खोकलं,
खोकल्यावरनं आतेभाऊ ओळखला.
शाईवरचं बोट आलं.
धुमा नाही आला.

धुम्याला कणीक लागते, ओली, थापलेली.
अनाजी वाटीभर मागून घेतो बायकोकडून,
तांदळाचं पीठ चालत नाही,
म्हणून त्या घरात चपात्या होवोत न होवोत,
मृदंगापुरते गहू असतात.
डाव्या हाताचा तो आवाज कानात शिरत नाही,
बसल्या जागी, जमिनीतनं, मांडीत येतो.
एवढ्याशा डब्याला जमीन कुठली?

"बास कमी आहे."
"भाई, सहा रियालात समुद्र पाहिजे का?"
साडेपाचला दिला. चार्जिंगची वायर वेगळी.

खोलीवर सहा पलंग, तिनांवर तीन.
लोखंडी कपाटावर ठेवला, आवाज भरला,
पण आतली हबीबुरची ताटली
ठोक्याठोक्याला किरकिरली.
कोपऱ्यात ठेवला, घसा बसला.
तुपाच्या रिकाम्या डब्यावर ठेवला:
फसवणूक, पण बरी फसवणूक.
शेवटी पलंगाच्या पाइपाला बांधला, सुतळीनं,
तर वरनं गुल जनान ओरडला,
"नीचे से कौन मारता है?"

उतरवून विचारलं, काय ऐकू आलं?
त्याला घुंगरू.
हबीबुरला घुंगरू आणि माणसं, खूप माणसं.
आणि मला धुमा येत होता,
पहिल्यापासून,
दुकानातसुद्धा, जिथं तो नव्हता.
उजव्यानं जागा सोडली की
डावा आपसूक पडत होता.

शुक्रवारी गुल जनाननं आपलं लावलं.
स्वातकडचं काही, मडकं वाजवतात म्हणे त्यात.
मला नुसती टिकटिक, नखानं ताट वाजवल्यासारखी.
तो डोळे मिटून, पाय खाली सोडून,
मान टाकत होता
भलत्याच ठोक्यावर,
जो डब्यातनं निघतच नव्हता.
मी डबा हातात धरून पाहिला.
तिथं काही थरथरत नव्हतं.

सोहारहून बुधाजी विचारतो फोनवर,
मीही घेऊ का, कसा आहे?
काय सांगू.
बॅटरी पाच तास. शिंतोडे चालतात, बादलीत नको.
सुरू करताना एक बाई मोठ्यानं इंग्रजीत बोलते,
रात्रपाळीवाले शिव्या घालतात,
तिला गप्प करायचं बटण नाही.
आवाज?
तू आधी सांग,
लावणार काय आहेस?