शिक्का

वॉरंटी संपली त्या दिवशी गाडीला काहीच कळलं नाही.
नेहमीसारखी सुरू झाली,
कागलच्या शाळेपर्यंत गेली, परत आली.
मला मात्र शिरोलीहून फोन,
"मॅडम, सर्व्हिस ड्यू आहे तुमची,"
आवाज इतका गोड
की नाही म्हणायला मीच ओशाळले.

तिथं काचेची भिंत आहे.
पलीकडं गाड्या उचललेल्या, पोटं उघडी;
अलीकडं सोफा, मशीनची कॉफी
आणि टॅबलेट घेतलेला नीटनेटका मुलगा:
ऑइल, फिल्टर, एसीची फवारणी,
इंजिनाची आतून धुलाई,
अकरा हजार चारशे, कर वेगळा.
"धुलाई कशाला?"
"कंपनी सांगते, मॅडम."
कंपनी कुठंतरी लांब राहते,
आमची कधी गाठ पडलेली नाही.
पण पुस्तकात चौकोन आहेत
आणि चौकोनात तिचे निळे शिक्के.
पहिला, दुसरा, तिसरा.
चौथा कोरा ठेवलास तर गाडीला गिऱ्हाईक मिळायचं नाही,
असं माझे दीर म्हणतात,
जे नऊ वर्षं आपली गाडी विकायलाच काढतायत.
"विचार करून सांगते," म्हणाले आणि निघाले.

उद्यमनगरात, लेथची किरकिर ओलांडून दोन गल्ल्या आत,
इलाही शिकलगारांचं गॅरेज.
पाटीवर नुसतं "लाही" उरलंय.
बसायला कुठल्याशा जीपची मागची सीट.
त्यांनी बॉनेट उघडलं,
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला,
डोळे मिटले.
मी उगाचच श्वास धरून.
"पट्टा कुरकुरतोय. इंजिन निवांत हाय."
मग चाकाशी वाकून,
"ब्रेकला अजून सा म्हैने हात लावू नगा."
काय करायचं नाही,
हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

"आणि हा पिवळा दिवा?"
ते गप्प झाले. फडक्याला हात पुसले,
पुसलेले पुन्हा पुसले.
"ह्यो त्यांच्या कॉम्प्युटरसंगं बोलतोय, माझ्यासंगं न्हाई.
खोटं कशाला सांगू? शिरोलीलाच जावा.
पर एवढंच करून घ्या."
ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
पेन्सिलीनं लिहिलं: सेन्सर. बाकी कायबी नको.
पैसे विचारले तर म्हणाले, "ऐकायचं कसलं पैसं?"

काचेच्या भिंतीपाशी
तो मुलगा पुठ्ठा बघतच राहिला.
इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला,
"चाचांचं अक्षर. दोन वर्षं रॉकेलात पाने धुतलेत मी त्यांचे."
आणि बोटानं एकेक ओळ पुसत गेला.
धुलाई गेली. आणखी काय काय गेलं,
नावंही माहीत नव्हती मला.
शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.
"फवारणी एवढी राहू दे का, मॅडम? टार्गेट असतं."
राहू दे म्हटलं.

चौथ्या चौकोनात शिक्का बसला, जरासा तिरका.
त्याच पानात तो पुठ्ठा ठेवलाय,
काळ्या अंगठ्यासकट.
दिराला दाखवणार नाही.

आठवडाभर एसीला लिंबाचा वास.
पट्टा अजून कुरकुरतोय.
सोमवारी उद्यमनगर बंद,
मंगळवारी जायचं,
कोपऱ्यावरच दोन चहा सांगून.