हातचा

वाशीला बोलायला बोलावलंय.
विषय त्यांनीच दिला: सेवा-उद्योगातलं नेतृत्व.
वीस मिनिटं, प्रश्नोत्तरं, मग चहा.
सहा स्लाइड झाल्या.
ग्राहक, माणसं, वेळ, रोकड,
सगळे शब्द इस्त्री करून कपाटात ठेवल्यासारखे.
सातवी तीन दिवस पांढरी आहे.

महाप्याला आमचं ऑफिस, तिसरा मजला.
मागं पारसिकचा डोंगर, खाली रंगाचा कारखाना,
म्हणून दर मंगळवारी कॉफीला टर्पेंटाइनचा वास.
त्रेचाळीस माणसं.
आम्ही काही बनवत नाही.
दुसऱ्यांची यंत्रं झोपू नयेत म्हणून जागतो
आणि जागलेल्या तासांचं बिल लावतो.
बिलाचे पैसे साठ दिवसांनी, पगार एक तारखेला.
या दोन तारखांमधल्या फटीत
सोळा वर्षं माझा मुक्काम आहे.

मे महिन्यात रॉटरडॅमचं काम गेलं.
सहाजण बेंचवर आले.
शाळेत शिक्षा म्हणून बाकावर उभं करायचे,
आमच्या धंद्यात बसवतात.
बसलेला माणूस लॅपटॉप उघडून काहीबाही शिकत असतो,
मागून कुणी गेलं
की त्याचे खांदे आकसतात.
मला दिसायचे ते खांदे.
माझ्या केबिनला काच आहे.

गुप्तेबाईंनी जूनचा तक्ता आणला.
नावं वाचली नाहीत, नुसतं बोट ठेवलं
आणि चष्मा पुसत बसल्या.
मी दोन नावं निवडली.

त्यातलं एक दर्पण भोपी. नऊ वर्षं.
हळू टाइप करणारा, परदेशी कॉलवर गप्प,
डब्यात बोंबील असला की आधी उठून
स्वतःच खिडकी उघडणारा.
त्याला चांगलं पत्र दिलं. तीन महिन्यांचा पगार दिला.
वाक्यं पाठ करून गेले होते, तीही दिली.
"ठीक आहे, मॅडम," म्हणाला,
आणि ओळखपत्राची दोरी नीट गुंडाळून
टेबलावर ठेवली.
आमची इमारत उभी आहे
तिथं त्याच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं,
हे मला लिफ्टमनकडून कळलं.
नंतर.

सप्टेंबर. रात्रीचे एक चाळीस.
मिरजेच्या औषधवाल्यांची बिलं छापेनात,
चारला त्यांच्या गाड्या निघतात.
चौघं पडद्याला नाक लावून,
इम्तियाज सारखा तीच ओळ मोठ्यानं वाचतोय,
ओजस्वीच्या डोळ्यांत पाणी.
आणि त्या ओळीच्या डोक्यावर, जुनी टीप:
हे बदलू नका. कारण दर्पणला विचारा.

विचारलं.
तिसऱ्या रिंगला उचलला.
मागं पंखा, एक किरकिरणारं मूल.
अकरा मिनिटं.
कुठली फाइल, कुठला आकडा, का.
"मागच्या वर्षाचा हातचा तिथं धरलाय, मॅडम.
बघणाऱ्याला चूक वाटते.
कुणीतरी पुसला असेल."

कुणी पुसला ते मी खोलीत विचारलं नाही.
तेवढं तरी शिकले होते.

मग फोनवर पैशांचं काढलं.
तो त्यावर काही बोलला नाही.
थोड्या वेळानं म्हणाला,
"खिडकीजवळ आता कोण बसतं?"

प्रिंटर, मी म्हटलं.

पनवेलच्या शाळेत परचुरे बाई
हातचा आकडा वर लिहायला लावायच्या, बारीक, पेन्सिलीनं.
उत्तरात तो कुठं दिसायचा नाही.
गणित सुटलं की खोडरबरानं पुसायचा,
म्हणजे वही स्वच्छ.
मला स्वच्छ वहीचे जादा मार्क मिळायचे.

सातवी स्लाइड अजून पांढरीच आहे.
फक्त वर, कोपऱ्यात,
बारीक अक्षरात एक आकडा टाकलाय: १.
वाशीच्या मुलांना वाटेल,
बाईंचा पान क्रमांक चुकला.