जागा

कुताइसीच्या इस्पितळात, तळघरात,
मी मेणात गोठवलेली माणसं कापते.
चार मायक्रॉन जाडीचा काप कोमट पाण्यावर सोडायचा,
सुरकुती पडली तर कुंचल्यानं सोडवायची,
मग रंगवायचं. पेशीचं केंद्र जांभळं, बाकी सगळं गुलाबी.
एकोणीस वर्षं मी या दोन रंगांवर जगते आहे.

मार्चमध्ये बापानं द्राक्षवेल छाटताना
अंगठाही छाटला, बोंडावरून, तिरपा.
छाटलेल्या टोकांतून तेव्हा पाणी गळत असतं,
वेल रडते म्हणतात आमच्याकडे.
बाप म्हणाला, बघ, ती रडतेय. मी रडतोय का?

तिसऱ्या दिवशी अंगठा लाल, गरम, टचटचीत,
आणि ठसठस अशी की रात्रभर हात उंच धरून बसला,
वर्गात उत्तर येत असल्यासारखा.
उत्तर मला येत होतं.
मी सांगितलं: शिरा रुंदावल्यात, भिंतींना फटी पडल्यात,
पाणी झिरपतंय बाहेर, म्हणून ही सूज.
पांढऱ्या पेशी आधी काठाकाठानं घरंगळतात,
मग चिकटतात, मग अंग चोरून
फटीतून पलीकडे जातात.
जखमेत पोचतात, खातात, मरतात.
पू म्हणजे बहुतेक त्यांचीच मढी.

"माझ्यासाठी मेली?"
हो.
"नावं?"
नावं नसतात, बाबा.
त्या रात्री जेवताना त्यानं पावाच्या तुकड्यावर
वाइनचे थेंब सांडले,
मेलेल्यांसाठी सांडतात तसे.

मग खपली धरली.
खपलीखाली दाणेदार, लालबुंद, कच्चं मांस,
केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे कोंब.
जूनपर्यंत सगळं आटून, आखडून
एक पांढरा वण उरला. त्यावर रेषा नाहीत, घाम नाही.
फोन त्याचा ठसा ओळखेना. बाप हसला,
"माझ्याच घरात मला कोण तू विचारतात."
मी म्हटलं, शरीराला मूळ नकाशा दर वेळी सापडत नाही,
मग ते ठिगळ लावतं.

ऑक्टोबरात झाडावर चढलेली द्राक्षं काढताना
शिडी सरकली. खुबा मोडला. तीन आठवडे पाठीवर.
डावी पोटरी सुजली, गरमही झाली थोडी.
त्यानं कुणाला सांगितलं नाही.
नाही, सांगितलं. शेजारच्या त्सियुरीला.
तिनं मला नंतर, रडून झाल्यावर, ऐकवलं:
"वार्लाम म्हणाला, सूज आली म्हणजे ते आलेत.
नातेलानं शिकवलंय मला.
त्यांना त्यांचं काम करू दे."

बाविसाव्या दिवशी तो उठून खिडकीपर्यंत गेला.
पोटरीतली गुठळी सुटली. मांडी, पोट,
हृदयाचा उजवा कप्पा, कुठेही अडली नाही,
फुप्फुसाच्या रोहिणीत मात्र आडवी बसली.
गुठळीतही तेच तंतू असतात,
मार्चमध्ये ज्यांनी अंगठ्याचं रक्त थांबवलं ते.
तोच धागा, तीच वीण.
जागा तेवढी दुसरी.

चिरफाड नको, मी म्हटलं.
मी.

जानेवारीत एका अनोळखी फुप्फुसाचा ठोकळा आला,
वर फक्त आकडा. काचेवर पाचरीच्या आकाराचा
रक्तानं माखलेला मेलेला भाग,
पेशींच्या नुसत्या सावल्या, केंद्रं पुसून गेलेली.
पण काठावर गर्दी होती.
काठावर कोंब फुटले होते.
म्हणजे हा माणूस त्यानंतर आठवडाभर तरी जगला,
आणि आत कुणीतरी ठिगळ शिवायला बसलंही होतं.

मी त्यांना नावं द्यायला लागले.
तीन झाली.
मग जिन्यावरून डॉक्टर ल्यामारांनी हाक मारली,
स्लाइड वाळली का?