न्यूट्रल

पत्रिका न बघता आपण लग्न केलं,
आणि बल्बची मात्र तू बघतोस,
तपकीर गल्लीत, भर दुपारी, खोका डोळ्यांजवळ धरून:
हा त्या हबशी बोलेल का,
हब आपल्या जुन्या राउटरला ओळखेल का,
की एकाच घरात राहून
दोघं दोन ॲपमध्ये रुसून बसतील.

दुकानदार म्हणाला, साहेब, सगळं सगळ्याला चालतं.
पुण्यात दुकानदार इतकं गोड बोलला
की समजावं, माल परत घेणार नाही.

मी पिवळा मागितला. सत्तावीसशे केल्विन.
हा आकडा परवापर्यंत मला माहीत नव्हता,
एवढंच माहीत होतं की पहाटे पावणेपाचला,
शाळेची बस यायच्या आधी,
पांढरा उजेड तोंडावर गार पाणी मारल्यासारखा लागतो.
तुला पांढरा हवा. तुझा दिवस उगवतो
रात्री साडेनऊला, शिकागोच्या घड्याळानं,
आणि पिवळ्यात तुला पेंग येते.
दोन्ही करणारा बल्ब साडेअकराशेला एक.
घेतले नऊ.

पुनावळे, अकरावा मजला.
लिफ्टला अजून आतून प्लायवूड ठोकलेलं.
नसीम तांबोळीनं बोर्ड उघडला,
टेस्टर कानामागे खोचला
आणि डॉक्टर एक्स-रे बघताना थांबतात तसा थांबला.
"न्यूट्रल नाही, ताई."
बिल्डरनं बोर्डात नुसती फेज आणलीय,
माघारीची वायर परस्पर छतातून दिव्याकडे नेलीय.
साध्या बटणाला ती लागतच नाही.
तुमच्या ह्या स्विचला लागते.
"हा बंद असला तरी जागा असतो ना.
बंद असतानाही थोडं थोडं खातो."

तू माझ्याकडे पाहिलंस.
माझ्याकडे काय बघतोस, मी म्हटलं,
मी बंद असताना कुणाचं काही खात नाही.
नसीम हसला नाही. तो माप घेत होता.

संध्याकाळी आईंचा व्हिडिओ कॉल.
तू कौतुकानं त्या गोल डबीला हुकूम सोडत होतास,
हॉल निळा, हॉल जांभळा, हॉल लग्नाचा मांडव.
आई म्हणाल्या, अरे, शांत कर आता तो दिवा,
डोळे दुखले.
आणि डबीनं बासरी लावली.
दहा मिनिटं ती कुणालाच बंद करता येईना.

मग ॲपनं खोल्यांची नावं विचारली.
हॉल. किचन. बेडरूम.
तिसरीला आई बाळाची म्हणतात,
ब्रोशरमध्ये ती स्टडी आहे,
मी तिथे इस्त्रीचं टेबल टाकणार आहे
असं सगळ्यांना सांगत आलेय
गेल्या मार्गशीर्षापासून,
जेव्हापासून आपण नकाशावरसुद्धा
त्या चौकोनाशी आलेलं बोट
गॅलरीकडे सरकवतो.
नाव दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, ॲप म्हणालं.
तुझा अंगठा काचेवर तसाच.
मग तू लिहिलंस: खोली.
चाललं त्याला. त्यानं पुढे काही विचारलं नाही.
माणसांपेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत
शिडीवरून नसीमचा आवाज:
इथे पॉइंट काढू? सेन्सरचा, की साधा?
राहू दे, तू म्हणालास.
राहू दे, मीही म्हणाले, त्याच क्षणी,
आणि दोघांनी दोन वेगळ्या भिंतींकडे बघितलं.

राहू दे तर राहू दे, तो म्हणाला,
कटरची धूळ भुवयांवर, दातांत स्क्रू.
पण खाच मारलेलीच आहे,
तर न्यूट्रल ओढून ठेवतो. टोकाला टेप मारतो.
आत्ता काही लावायचं नाही.
नंतर भिंत फोडायला लागली
तर धूळ फार होते, ताई.