टॉवेल सोडून सगळं

सौनाची चिमणी पेटली तेव्हा मी आत होतो.
बाहेर आलो तो कमरेला टॉवेल,
आणि बर्फात उभा राहून
खिडकीतून कपाट जळताना पाहिलं.
एकसष्ट वर्षांत कपड्यांकडे
इतका वेळ टक लावून कधी बघितलं नव्हतं.

विमा कंपनीची बाई फोनवर म्हणाली, यादी द्या.
शर्ट किती होते?
घालण्यापुरते.
रंग?
धुऊन जो उरला तो.
ती थांबली. मीही थांबलो.
कुओपियोत याला कुणी गप्प बसणं म्हणत नाही.
मग किंमत विचारली.
म्हटलं, भावाला विचारा.

खरंच त्यालाच माहीत.
आम्ही जुळे. ताउनो आठ मिनिटांनी मोठा,
आणि तेवढ्यात दुकानात हिंडायची
माझ्या वाटणीची हौसही त्यानंच उचलली.
तो आत घालून बघायचा,
मी बाहेर गाडीत, इंजिन चालू ठेवून.
"दोन द्या," एवढंच सांगायचा.
कोट दोन, विजारी दोन, लग्नाचे सूट दोन
(माझा एकदाच वापरला, त्याच्या लग्नात).
त्याचं अंग हेच माझं माप.
माझा नंबर मला ठाऊक नाही,
जसं आपलं घोरणं आपल्याला ठाऊक नसतं.

आता तो टेकडीखालच्या इस्पितळात,
सहाव्या मजल्यावर,
आणि अंगावर मांस म्हणून
मागच्या उन्हाळ्याच्या निम्मंही नाही.
त्याच्या मापाचं घेतलं
तर माझ्या कोपरातच अडकेल.

म्हणून मी,
अग्निशमन दलाच्या उसन्या ट्रॅकसूटमध्ये,
पाठीवर मोठ्या अक्षरात "स्वयंसेवक",
चौकातल्या दुकानात.
दिवे असे, की डोळ्यांखालच्या पिशव्याही
विक्रीला मांडल्यासारख्या.
छातीवर वाल्टेरी नावाचा बिल्ला लावलेला पोरगा:
"काय शोधताय?"
"दार."
तो हसला नाही. गळ्यातली फीत काढून
माझ्या छातीभोवती हात घातले त्यानं.
असं शेवटचं कुणी कधी
— असो.

पडद्यामागं पाच शर्ट, एक खुंटी, एक स्टूल.
फोन लावला.
"खांदे कसे बसलेत?"
"आहेत तिथंच."
"शिवण कुठं येते, माठ्या?"
"खांद्यावर."
"हात वर कर. काखेत ओढतं?"
"जरा."
"मग नको. पुढचा."
मध्येच त्याला खोकला येतो.
मी अर्धा शर्टात, एक हात बाहीत,
तसाच उभा.
खोकला चालू असेपर्यंत बटण लावायचं नाही,
हे कुणी न सांगता ठरतं.

"निळा घातलास?"
"घातला."
"आरशात बघ."
आरशात बघायची मला सवय नाही.
गरजच नव्हती, टेबलापलीकडं तो बसलेला असायचा.

बघितलं.
ताउनो उभा होता,
गाल भरलेले, मान उन्हानं लाल,
बाहीला किंमतीची चिठ्ठी लोंबकळत.
"बोल की," फोनमधून आवाज आला,
"मला कसा दिसतोय?"

"पाठीत ढगळ."
"खोटं बोलतोस."
"हो."

गल्ल्यावर ढीग: कोट, विजारी तीन,
स्वेटर, शर्ट चार, गंजिफ्रॉकांचं पुडकं.
वाल्टेरी विचारतो, एवढंच?
म्हटलं, निळा अजून एक द्या. लहान.
केवढा लहान?
आकडा मला येईना.
दोन तळवे हवेत समोरासमोर धरले,
मग जरा जवळ आणले,
मग आणखी जरा.
पोरानं पुन्हा विचारलं नाही.

बसथांब्यावर आल्यावर आठवलं,
मोजे राहिले.
बाईच्या यादीतही लिहिले नव्हते.
पायात अजून दलाचेच होते,
डावा जरा मोठा,
आणि बस सात मिनिटं उशिरा.