आधी गंज

आधी गंज रंगवायचा, ताउनो सांगतो,
गाडी नंतर.
प्लास्टिकच्या करड्या सांगाड्यावर तो तपकिरी चढवतो,
त्यावर विटकरी, मग स्पंजाच्या तुकड्याने
करपलेल्या पावाच्या पाठीचा रंग.
अजून न जन्मलेल्या गाडीचं म्हातारपण
शेगडीजवळ वाळत ठेवतो.
मी कॉफी ओतते.
चोवीसात एक, हे माप:
मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत
माझी अख्खी डॅटसन.

मग ओला ब्रश फिरवून तो मीठ भुरभुरतो.
साधं, माझ्याच डब्यातलं.
दाराच्या खालच्या कडेला सढळ,
चाकांवरच्या कमानींना चिमूट चिमूट,
टपावर चारच दाणे.
हात अडखळत नाही.
अडखळेल कसा? एकतीस हिवाळे
याच माणसाने सरकारी ट्रकमधून
पुओलांकाच्या रस्त्यावर मीठ फेकलं,
पहाटे तीनला, उणे सहापर्यंत.
त्याखाली मीठ चालत नाही, नुसती वाळू.
त्याच्या मागून मी, जिल्ह्याची नर्स,
मागच्या सीटवर तान्ह्यांचा वजनकाटा,
पुढे फिरणारा त्याचा पिवळा दिवा.

गाडी खाल्ल्या मिठाला जागली.
अकरा वर्षांत एकदाही चरात गेली नाही.
बाराव्या वर्षी पायाखालचा पत्रा गेला;
ब्रेक दाबताना मला रस्ता दिसायचा,
करडा, पळणारा, त्यावर भावाचे पांढरे दाणे.
तू खाल्लीस माझी गाडी, मी म्हटलं होतं.
तुला तर नाही ना खाल्लं रस्त्याने, तो म्हणाला
आणि बूट काढायला वाकला.

तेव्हापासून ती सौनामागे.
बर्चचं एक रोप बॉनेटमधून वर आलं,
कुणाला न विचारता.
दिव्याच्या खोबणीत धोबी पक्ष्याने पिल्लं काढली.
मग नगरपालिकेचं पत्र: तेल, भूजल, चौदा दिवस.
सप्टेंबरात क्रेन आली.
बर्च कमरेतून कापावा लागला.

फोटो एकही नाही.
चालत असताना गाडीचा फोटो कोण काढतं?
पडल्यावर तर नाहीच.
म्हणून आम्ही भांडतो. घरटं डाव्या दिव्यात, तो म्हणतो.
उजव्या, मी. सकाळचं ऊन त्या बाजूला यायचं.
तो ब्लेडने तळ खरवडतो, कागदाइतका पातळ होईपर्यंत,
सुई धरून विचारतो: इथे?
अजून डावीकडे. टाचेखाली.
आरपार होतं. मी डोळा लावते.
टेबलावरचं वर्तमानपत्र दिसतं,
कुणाच्यातरी श्रद्धांजलीतलं अर्धं आडनाव.

मिठावरूनच निळा फवारतो.
क्षणभर ती शोरूममधली आहे,
जरा पुरळ उठलेली, पण नवी.
मग जुना टूथब्रश. दाणे सुटतात,
आणि निळ्याखालून ते वर येतं
जे आधीपासूनच तिथे होतं.
एवढं नको, मी म्हणते. ड्रायव्हरचं दार ठेव.
तो ठेवतो. का, विचारत नाही.

शनिवारी त्याने ती बाहेर नेली,
सौनामागे, जिथे गवत अजून
गाडीच्या आकाराचं फिकट आहे.
बघू दे जरा, म्हणाला, आणि विसरला.
किंवा विसरला नसेल.

रात्री वीतभर बर्फ पडला.
तिच्या हिशेबाने अठरा फूट.

आता तो पायरीवर ओणवा आहे,
हातात सूपाचा चमचा,
एका डॅटसनच्या रुंदीचा रस्ता काढतोय
पायरीपासून सौनाकडे,
दोन्ही बाजूंना बर्फाचे नीट बांध रचत,
जसे खात्याच्या नियमात होते.
मीठ टाकू नकोस, मी सांगते.
नाही टाकत.
मी त्याच्या मागून, घरातल्याच चपलांत,
अंतर राखून.
वळणावर तो चमचा झटकतो.
मी थांबते.